थोरलीच्या हातचं

लग्न झालं तेव्हा मला स्वयंपाक येत नव्हता. चहा यायचा, पोहे यायचे, आणि कणीक मळायला दिली तर ती हमखास सैल व्हायची. गोष्ट तशी लहान. आमच्या वेळच्या कॉलेजात गेलेल्या किती तरी मुलींना येत नसायचा, आणि सासरी गेल्यावर त्या शिकायच्या. पण माझं लग्न माझ्या हातच्या स्वयंपाकावर ठरलं होतं, आणि तो स्वयंपाक माझ्या हातचा नव्हता. एवढं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लिहिताना हात अडखळायला नको.

आमचं गाव भिगवणपासून आत, उजनी धरणाच्या पाण्याच्या काठाला. जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर येऊन राहिलो. विटांच्या चार खोल्या, वर पत्रा, पुढं पडवी. दुपारी पत्रा तापला की तो आपोआप कडकड वाजायचा, आणि कुणी तरी वर चालतंय असं वाटायचं. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ऊस होता, कारखान्याचे ते सभासद होते आणि त्यांना माणसांची भारी हौस होती. रस्त्यानं जाणारा ओळखीचा माणूस जेवल्याशिवाय पुढं जायचा नाही. पडवीतून आबांचा आवाज यायचा, "दोन पानं वाढवा गं," आणि आत कधी दोनाची चार व्हायची, कधी सात. आबांनी आत येऊन पीठ किती आहे ते कधी बघितलं नाही. आईला दमा होता. चुलीच्या धुरापुढं ती पाच मिनिटं बसली तरी तिच्या छातीतून शिट्टी वाजायची. त्यामुळं माझी थोरली बहीण, शकुंतला, सहावीतून शाळा सोडून चुलीपुढं बसली. तेव्हा ती बारा वर्षांची होती. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, मी तिला आक्का म्हणायची. आक्का चुलीपुढं बसली म्हणून मी शाळेत बसले, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माहीत असणं निराळं आणि त्याची लाज वाटणं निराळं.

आक्काच्या हाताबद्दल लिहायचं म्हणजे मला जपून लिहावं लागेल, कारण माझ्या तोंडात ती चव अजून आहे आणि कागदावर ती येत नाही. बाजरीची भाकरी ती दोन्ही हातांनी थापायची, परातीत नाही, हातावरच, आणि तो आवाज एका लयीत पडवीपर्यंत ऐकू यायचा. पाणी आलं तसे पाण्याबरोबर मासे आले. आमच्या ऊसवाल्या घरांना माशांचं काही कळत नव्हतं. मासे विकायला येणाऱ्या बायकांना चहा पाजून आक्का त्यांच्याकडून शिकली. मरळ कशी निवडायची, राखेनं कशी घासायची, कालवणात ती कधी सोडायची. कांदा ती चिरून परतायची नाही, अख्खा निखाऱ्यात भाजायची, वरचं काळं सोलून आतला गोड गर पाट्यावर वाटायची. लसूण, सुकं खोबरं, घरचा काळा मसाला आणि शेवटी चिंचेचं पाणी. कालवणाला उकळी फुटली की ती झाकण काढून कान द्यायची. मी एकदा विचारलं, "आक्का, काय ऐकतीस?" ती म्हणाली, "आवाज जड झाला की झालं." तिच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा डाग होता. ती तेरा वर्षांची असताना उकळतं कालवण उतरवताना पातेलं कलंडलं होतं. त्या दिवशी पडवीत कारखान्याची माणसं बसली होती, म्हणून ती ओरडलीसुद्धा नाही. चुना लावून तिनं दुसरं कालवण टाकलं.

मी बारामतीला कॉलेजात गेले, मुलींच्या वसतिगृहात राहिले. तिथं गृहशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, नेहमी इस्त्रीची सुती साडी, केसांत एकच फूल. घर देखणं करायला संपत्ती लागत नाही, नजर लागते, असं त्या सांगायच्या. पाहुणा दारात आला की पहिल्यांदा त्याला काय दिसतं, ताट कसं मांडावं, पाण्याचा पेला कुठं ठेवावा, एका रंगाच्या जेवणात दुसरा रंग कसा आणावा, रुमालाच्या किती तऱ्हेच्या घड्या घालता येतात. मी ते सगळं वहीत लिहून घ्यायची, चित्रं काढून. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले की आमच्या पडवीत पाय ठेवताच मला सगळं वेडंवाकडं दिसायचं. पोत्यांची थप्पी, खुंटीला अडकवलेला फवारणीचा पंप, बसायला घोंगडी. मग मी मांडामांड करायची. आईच्या जुन्या साडीचे काठ उसवून खिडकीला पडदे केले. पितळी घागरीत उसाचे तुरे उभे केले, तर आबा म्हणाले, "ह्यो काय प्रकार? तुरा आला म्हंजी ऊस वाया चालला, अन् तू त्योच घरात आणून ठिवलास." पण मग ते जाता येता त्याच्याकडं बघत राहिले. सगळ्यात जास्त आनंद आक्काला व्हायचा. तिनं स्वतःची एक धुवट व्हॉइलची साडी फाडून मला बारा रुमाल शिवून दिले. माझ्या वहीतली घड्यांची चित्रं बघून ती म्हणायची, "नले, तू हुशार हायस गं. मला आपलं पोटात जाणारं तेवढं कळतं. तुला दिसणारं पन कळतं."

आक्काला बघायला तीन ठिकाणांहून येऊन गेले होते. शिक्षण सहावी, रंग सावळा, आणि हाताचा डाग लपवायला ती लांब बाह्यांचं पोलकं घालायची, ते उन्हाळ्यात लगेच लक्षात यायचं. तिन्ही वेळा लोक जेवून, बोटं चाटून, कळवतो म्हणून गेले आणि कुणी कळवलं नाही. चौथं स्थळ मामानं आणलं, बारामतीचं. मुलाचं पाइप आणि पंपांचं दुकान, वडिलांची राजकारणी मंडळींत ऊठबस, घरात रोज माणसांचा राबता. मुलाच्या वडिलांनी मामाला सांगितलं होतं, पोह्यांवर भागवू नका, तुमच्या पाण्यातले मासे खायचेत. आणि मुलाच्या आईची एकच अट होती, मुलीला पाहुणचाराची आवड हवी. मामा म्हणाला, "हे आपल्या शकूसाठीच बनल्यालं ठिकान हाय." मलाही तसंच वाटलं. हे मी शपथेवर सांगते. त्या दिवसासाठी मी जे केलं ते आक्कासाठीच केलं.

रविवार होता. शाळेतून दोन लांब टेबलं आणवली, ती जोडून वर पांढरी चादर घातली. मध्ये घागर, घागरीत ताजे तुरे. बारा रुमाल कमळाच्या घडीचे. काकडीच्या चकत्या, लिंबाच्या फोडी, कांद्याची कडी बर्फाच्या पाण्यातून काढलेली. भाकरी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत. पाण्यात वाळा. आत आक्का पहाटेपासून लागली होती. मरळीचं कालवण, तळलेले तुकडे, शेंगदाण्याची चटणी, आणि मासे न खाणाऱ्यांसाठी शेंगोळी. दहाच्या सुमारास मी तिला ओढत मोरीत नेलं, तोंड धुवायला लावलं, माझी हिरवी साडी नेसवली. तिच्या केसांना मसाल्याचा वास येत होता. मी गजरा माळला. ती म्हणाली, "नले, ह्या येळी हुईल का गं?" मी म्हणाले, "होणारच."

पाहुणे पाच जण आले. बघण्याचा कार्यक्रम आधी झाला. आक्का मान खाली घालून बसली, नाव सांगितलं, सहावी सांगितलं. मुलाच्या आईनं तिच्या बाह्यांकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. मुलगा उंच होता, मनगटावर घड्याळ, बोलणं कमी. आक्का उठून आत गेली, पदर खोचला आणि गरम भाकऱ्या करायला बसली. आत आई आहे असंच पाहुण्यांना वाटलं असणार. आई मागच्या दारात दम खात उभी होती. वाढत होते मी. पंगतीऐवजी टेबलावर जेवण, माळावरच्या घरात, हे पाहुण्यांना नवं होतं. मुलाच्या वडिलांनी कालवणाचा पहिला घोट घेतला आणि वाटी खालीच ठेवली नाही. मुलाची आई रुमालाची घडी उलगडून बघत होती, तुऱ्यांकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"कुणी केलं हे सगळं?"

मामा म्हणाला, "पोरींनीच की."

ती माझ्याकडंच बघत होती. "तू केलंस का गं सगळं?"

मी म्हणाले, "हो."

त्या क्षणी माझ्या मनात टेबल होतं, रुमाल होते. पण तिनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला हळूच म्हटलं, "कालवण पण हिचंच आहे," आणि ते मला ऐकू आलं. मला कळलं की तिचा समज काय झाला आहे. एक वाक्य पुरलं असतं. कालवण आक्काचं आहे, एवढंच. आतला थापण्याचा आवाज थांबला होता. आक्कानंही ऐकलं होतं. मी दुरडीतली भाकरी काढून त्या मुलाच्या ताटात वाढली, आणि त्यानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. थोड्या वेळानं आत पुन्हा आवाज सुरू झाला.

आता इतक्या वर्षांनी तो दिवस आठवला की मी स्वतःला सांगते की मी लहान होते, गोंधळले होते. मी वीस वर्षांची होते आणि मुळीच गोंधळले नव्हते. मला तो मुलगा आवडला होता. मला बारामतीचं घर हवं होतं, ज्यात खरं जेवणाचं टेबल असेल आणि शाळेतून आणावं लागणार नाही. मला त्या माळावर परत यायचं नव्हतं.

चार दिवसांनी मामा आला. धाकटी पसंत आहे, म्हणाला. आबा बराच वेळ सुपारी कातरत बसले. आई म्हणाली, "थोरली बसली असताना धाकटीचं कसं करायचं? लोक काय म्हनतील?" सगळ्यांनी आक्काकडं बघितलं, जणू निकाल तिनंच द्यायचा होता. ती डाळ निवडत होती. "द्या तिला," ती म्हणाली. "चांगलं घर हाय. माझ्यापायी तिचं कशाला अडवायचं?" मग तिनं मला हाक मारून ताटलीतले खडे बाहेर टाकून यायला सांगितलं. माझ्याकडं बघितलं नाही. मी ताटली घेऊन बाहेर गेले. माझ्या हळदीचा आणि व्याह्यांच्या भोजनाचा सगळा स्वयंपाक आक्कानं केला.

सासरचं घर मी मनात रंगवलं होतं तसंच निघालं. आठ माणसांचं टेबल, फ्रिज, गॅस, काचेच्या कपाटात बाहुल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. पहिला महिना हळदीच्या अंगाची सून म्हणून मला कुणी स्वयंपाकघरात फारसं जाऊ दिलं नाही. मग एका सकाळी मामंजी चहा घेताना म्हणाले, "शुक्रवारी चौदा माणसं जेवायला येणार आहेत. आमच्या सूनबाईच्या हातचं मरळीचं कालवण खायला बोलावलंय मी त्यांना." त्याच दिवशी मी दुकानाची जीप गावाकडं धाडली, निरोप दिला, आक्काला चार दिवस राहायला पाठवा, मला करमत नाही.

आक्का पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. आल्या आल्या घरभर हिंडून तिनं सगळं कौतुकानं बघितलं. मग मी तिला शुक्रवारचं सांगितलं. ती टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती, तो हात थांबला. "म्हंजी करमत न्हाय म्हनून न्हाय बोलावलंस," ती म्हणाली. एवढंच. शुक्रवारी पहाटे ती उठली, गॅसवर कांदे कसे भाजायचे म्हणून थोडी अडखळली, मग मागच्या अंगणात तीन विटा मांडून तिनं निखारे केले. मी पुढच्या खोलीत टेबल मांडत होते. आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या, मागं अंगणात आक्का पाट्यावर बसलेली त्यांनी पाहिली, इकडं माझ्या हातातले रुमाल पाहिले. बराच वेळ त्या दोन्हीकडं बघत राहिल्या. "असं आहे होय," त्या म्हणाल्या, आणि साडी बदलायला निघून गेल्या.

मला वाटलं दुसऱ्या दिवशी मला माहेरी पाठवतील. खरं तर तेच व्हायला हवं होतं. पण आत्याबाई हिशेबी बाई होत्या. चौदा माणसं तृप्त होऊन गेली होती, मामंजींची मान ताठ झाली होती. सकाळी त्या मला म्हणाल्या, "तुझी बहीण राहू दे इथंच. तिकडं माळावर तरी काय करणार आहे? पण चार लोकांत काही बोलायचं नाही. स्वयंपाक सूनबाईचा, असंच." आबांना वाटलं पोरगी शहरात सुखाला लागली. आई एकदा बघायला आली, आक्का स्वयंपाकघरात खाली बसून एकटी जेवताना तिनं बघितली आणि दुपारच्याच एस.टी.नं परत गेली. जाताना मला म्हणाली, "जे घर तिचं व्हायचं हुतं, तितं तिला चुलीपाशी बसवलीस नले." मी म्हणाले, "तिला काय कमी आहे इथं?" हे वाक्य मी त्या काळात खूप वेळा म्हणाले, बहुतेक वेळा स्वतःशी.

सहा वर्षं आक्का आमच्याकडं राहिली. स्वयंपाकघराला लागून धान्याची खोली होती, तिथं तिची वळकटी. ती बाहेरच्या खोलीत कधी आली नाही, आणि माझे यजमान जेवायला बसले की ती मागच्या अंगणात जायची. तेही तिच्याशी थेट बोलायचे नाहीत. "सांग, आज मीठ कमी आहे," असं मला म्हणायचे, तीन पावलांवर ती उभी असताना. माझं नाव मात्र बारामतीत होत गेलं. बायका माझ्याकडं शिकायला येऊ लागल्या. पन्नास माणसांचा चहा कसा मांडावा, वाढदिवसाला टेबल कसं सजवावं, जुन्या साड्यांतून काय काय करावं. त्या कालवणाची कृती विचारायच्या तेव्हा मी हसून म्हणायची, ते आमचं माहेरचं गुपित आहे. आत भांडं वाजायचं.

इंदापूरच्या कचेरीतले एक कारकून मामंजींच्या जमिनीच्या कागदांसाठी येत असत. विधुर होते, पाच-सहा वर्षांची मुलगी होती. साधा, जरा वाकून चालणारा माणूस. एकदा पाणी प्यायला म्हणून ते मागच्या दारी गेले आणि आक्का वाटण वाटत असताना त्यांनी पाहिली. त्यानंतर प्रत्येक खेपेला ते मागच्या दारी पाणी मागू लागले. आक्का त्यांना पाण्याबरोबर गुळाचा खडा द्यायची. एकदा त्यांच्या मुलीला खोकला आहे असं कळलं तर तिनं अडुळशाचा काढा बाटलीत भरून दिला. माझ्या लक्षात आलं होतं. आक्का अलीकडं केस विंचरून मग पाट्यावर बसते, हेही लक्षात आलं होतं.

एका दुपारी ते मला व्हरांड्यात भेटले. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, "वहिनी, एक विचारायचं होतं. राग मानू नका. तुमच्या बहिणीचं कुठं ठरलंय का?"

पुढच्या आठवड्यात आमच्या मुलाचा पहिला वाढदिवस होता. दीडशे पानं उठायची होती.

"ठरलंय," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. "चांगलं झालं." आणि फाटकापर्यंत जाऊन परत वळले, मला नमस्कार करायचा राहिला होता म्हणून. पुन्हा ते आले नाहीत. कागद दुसऱ्या कुणाबरोबर येऊ लागले. आक्का काही दिवस मागच्या दाराकडं बघत राहिली, मग बघायची थांबली. मला ती एकदाच म्हणाली, "ते इंदापूरचे साहेब दिसले न्हाईत बऱ्याच दिसांत." मी म्हणाले, "बदली झाली असेल."

वर्षभरानं आमच्या चुलत भावाच्या लग्नाला आक्का इंदापूरला गेली. तिथं ते भेटले, नव्या बायकोबरोबर. आक्कानं त्यांच्या मुलीची चौकशी केली. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "तुमचं ठरलंय असं तुमच्या बहिणीनं सांगितलं होतं. मग पुढं काय झालं?" हे मला आक्कानंच सांगितलं, परत आल्यावर, धान्याच्या खोलीच्या दारात उभी राहून. आवाज चढलेला नव्हता. ती कपडे पिशवीत भरत होती आणि मधे मधे थांबून प्रत्येक घडी हातानं दाबत होती.

"आक्का, चुकले मी," मी म्हणाले.

"चुकली न्हाईस," ती म्हणाली. "चुकनाऱ्याला ठाऊक नसतं. तुला दोन्ही वेळेला ठाऊक हुतं."

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. आठवड्यानं पाहुणे आले आणि मी पहिल्यांदा स्वतः कालवण केलं. माणसं जेवली, छान आहे म्हणाली, कुणी दुसरी वाटी मागितली नाही. रात्री आवरताना यजमान म्हणाले, "आक्कांना घेऊन ये ना परत." त्यांच्या तोंडून तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढं मी शिकले, वाईट करत नाही, पण ते तसं होत नाही ते नाहीच.

आक्कानं भिगवणला हायवेलगत भाड्यानं एक शेड घेतली आणि मासे रांधायला सुरुवात केली. आधी ट्रकवाले यायचे, मग लोणी देवकरच्या कंपन्यांतली माणसं, आता हिवाळ्यात पाण्यावरचे पक्षी बघायला आलेली पुण्याची मंडळी. लग्न तिनं केलं नाही. आई गेली तेव्हा आणि आबा गेले तेव्हा आम्ही एका ओळीत बसलो, पण बोलणं झालं ते भांड्याकुंड्यांपुरतं. गेल्या महिन्यात बारामतीच्या एका महिला मंडळानं मला भाषणाला बोलावलं, घरच्या घरी सुंदर पाहुणचार अशा विषयावर. भाषण झालं, शाल मिळाली. त्यानंतर मला तीन-चार दिवस नीट झोप लागली नाही, आणि मी गाडी काढायला सांगून एकटीच भिगवणला गेले.

दुपारची गर्दी होती. टेबलांवर प्लास्टिकचे जग, स्टीलची ताटं, भिंतीवर कॅलेंडर. सजावट म्हणावी असं काहीही नाही. माणसं मान खाली घालून जेवत होती, कुणी बोलत नव्हतं. आक्का आत मोठ्या चुलीपाशी स्टुलावर बसली होती, केस पांढरे, डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडलेली. एका मुलीनं माझ्यापुढं ताट आणून ठेवलं. पहिला घास घेतला आणि मला पुढचं काही दिसेना. गर्दी सरल्यावर आक्का हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली.

"कशी हायस?" तिनं विचारलं.

"बरी आहे. आक्का, मी आपलं लहानपण लिहायला घेतलंय. पुस्तक म्हणून."

"लिही की."

"खरं लिहायचं म्हणतेय. ते टेबल, ते कारकून, सगळं."

बाहेर एक ट्रक उभा राहिला, दोन माणसं उतरून नळावर हात धुऊ लागली. तिनं आतल्या मुलीला खुणेनं दोन ताटं लावायला सांगितलं.

"लिही," ती म्हणाली. "समदं लिही. फकस्त शेवटी आक्कानं माफ केलं असं काही लिहू नगं. मी केल्यालं न्हाय."

मग ती उठली आणि त्या दोघांना भाकरी हवी की भात, ते विचारायला गेली. तिनं सांगितलं तसंच लिहिलं आहे.